वाळवीनं खाल्लेली नऊ मे

मंडळी, पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनी डोळे मिटून माना डोलवू नका, मला फसवता येत नाही! एक विचारतो — मोठा दिवस कोणता म्हणायचा? आणि तो मोठा, हे ठरवायचं कोणी?

ऐका. निमखेडे नावाचं गाव. वाचनालयाबाहेर फळा. रिटायर झालेले केरूळकर गुरुजी रोज सकाळी एका जाड पुस्तकातून त्यावर दिनविशेष उतरवायचे. अमक्या देशात राजा गादीवर बसला, तमक्या देशात बलून उडाला. निमखेड्याला बलूनचं काय? पण वाचल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही.

एका नऊ मेला गुरुजींनी पुस्तक उघडलं, तर पान वाळवीनं फस्त! गुरुजी मटकन खाली बसले.

वाचनालय झाडणाऱ्या सारजाबाई म्हणाल्या, "काय झालं, गुरुजी?"

"आज जगात काय घडलं, तेच कळेना."

"जगाचं मला काय ठाऊक? आपल्या गावात नऊ मेला पहिली एसटी आली. पुढं एका नऊ मेला पहिला फोन वाजला. सरपंचांनी टोपी काढून हात जोडले — राँग नंबर निघाला. एका नऊ मेला पंचायतीची मतं सारखी पडली. चिठ्ठ्या टाकल्या, तर बोकडानं एक खाल्ली. ज्याची उरली तो सरपंच."

"अहो, तुमच्या इतकं ध्यानात कसं?"

सारजाबाईंचा झाडू थांबला. "माझं लग्नच नऊ मेचं. मंगलाष्टकं चालू असताना एसटी आली. वऱ्हाड पळालं, भटजी पळाले, अंतरपाट धरणारेसुद्धा पळाले. तेव्हापासून चाळीस वर्षं वाट बघते, आमचे हे या दिवशी एक शब्द काढतील. दरवर्षी गावातच काहीतरी निघतं."

गुरुजी उठले. फळ्यावर पहिली ओळ लिहिली — 'सारजाबाई व गेनूभाऊ यांचा विवाह.' एसटी, फोन, बोकड त्याच्या खाली.

गर्दी जमली. गेनूभाऊ आले. सारजाबाई आत कपाटामागे लपल्या.

कुणीतरी विचारलं, "गेनूभाऊ, कसली होती हो पहिली एसटी?"

गेनूभाऊंनी फळा सावकाश वाचला. "ठाऊक नाही. मी बघितलीच नाही."

"सगळा गाव गेला होता की!"

"अंतरपाट खाली पडला. समोर ही उभी, मुंडावळ्या तिरक्या झालेल्या. म्हटलं, गाडी काय, उद्याही येईल."

कपाटामागून आवाज आला, "मग चाळीस वर्षांत एकदा बोलायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कधी?"

सारजाबाई झाडू घेऊनच बाहेर आल्या. लोक बाजूला सरकले — आता काही गेनूभाऊंचं खरं नाही! बाई डोळे पुसत म्हणाल्या, "घरी चला. शिरा करते."

हसलात? हसा. पण आज जेवायला बसण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, तुझ्या मनातला मोठा दिवस कोणता? देवाचं नाव त्यानंतर घेतलंत तरी तो रागावणार नाही. त्याच्याही घरी रखुमाई आहे.