आमची आई, आमच्या आया

— नाही हो दादा, पितळेचं काही नाही, पितळ छान आहे, अक्षरही छान आहे, अक्षराला मी नावं ठेवतच नाही — मी म्हणते ते ओळीच्या शेवटी बघा. हा. हा एस. हा कुठून आला? तुम्ही मोबाइलवर फोटो पाठवलात, मी वर्गात होते, मुलांसमोर उघडला आणि खडू तिथेच ठेवला. तास अर्धा टाकून आलेय मी. मी लिहून काय दिलं होतं? ‘अवर मदर’. आमची आई. आणि तुम्ही कोरलंत ‘अवर मदर्स’. आमच्या आया! मराठीत म्हणून बघा एकदा — पाळणाघरात नोकरीला असतात तशा वाटतात की नाही? उद्या इस्पितळाच्या आवारात बाक ठेवणार, बाकाला ही पाटी लागणार, आणि येणारा-जाणारा विचारणार, किती आया होत्या हो तुम्हा बहिणींना? — हसू नका. हसण्यासारखं आहे, कळतंय मला, पण हसू नका.

काय म्हणालात? बाक देणाऱ्या दोघी, म्हणून आया दोन? हेच! अगदी हेच माझी आठवीची मुलं करतात. मी इंग्रजीच शिकवते, जन्म गेला माझा त्यात. मालक अनेक म्हणून वस्तू अनेक, असं नसतं हो. ऐका. मुलांनी नाकं पुसली. प्रत्येकाला आपापलं नाक आहे, म्हणून ‘देअर नोझेस’. तिथे ‘नोझ’ लिहिलंत की सगळ्या वर्गात मिळून एकच नाक आणि पुसायला रांग. पटलं? आता, मुलं शाळेतून बाहेर पडली — ‘देअर स्कूल’. शाळा एक, सगळ्यांची मिळून. तिथे एस लावलात की ज्याची त्याची शाळा वेगळी. आपल्याकडे बरं आहे, ‘आपापली’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत तो शब्दच नाही, सगळा भार त्या एवढ्याशा एसवर, म्हणून तो जपून लावायचा. जे ज्याचं त्याचं, त्याला एस. जे सगळ्यांचं मिळून एक, त्याला नाही. आणि आई आमची एक होती. दोघींची मिळून एक. वाटून नव्हती घेतली आम्ही.

— मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे. बरं, ओरडतेय. पण तुम्ही तिला ओळखत नव्हता ना. त्याच इस्पितळात शिवणखोलीत होती ती — चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. चादरीला ठिगळ लावलं की शिवण नखानं चेपून चेपून सपाट करायची, झोपणाऱ्याच्या पाठीला टोचायला नको म्हणून. आमच्या फ्रॉकच्या शिवणीही तशाच. माझ्याही आणि धाकटीच्याही. काडीचा फरक नाही. मी फ्रॉक उलटे करकरून बघितलेत, फरक सापडला नाही मला कधी. — का बघितले म्हणजे? उगाच. लहान मुलं बघतात. — सगळी नाही बघत, खरं आहे.

सांगते. त्याशिवाय तो एस तुम्हाला कळायचा नाही. मी तिच्या पोटची नाही. माझी आई मी बोलायला लागायच्या आधीच गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, मग धाकटी झाली. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. मग एकदा आमच्या मावशीनं — म्हणजे धाकटीच्या मावशीनं, बघा, तिथूनच सुरू होतं, आत्या दोघींची असते आणि मावशी एकीची — तर तिनं धाकटीच्या कानात घातलं. ही पळत घरात आली, मी मागे. ‘आई, ताईची आई वेगळी होती? मग ही माझी ताई नाही?’ आई भांडी विसळत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, ‘हातपाय धुऊन या दोघी, वाढलंय.’ बस्स. त्या घरात त्या विषयावर झालेलं ते पहिलं आणि शेवटचं बोलणं. आणि मला तेवढं पुरलं, खोटं नाही सांगत, इतकी वर्षं पुरलं.

आणि आता आई गेली तेव्हा इस्पितळातला माणूस बाहेर आला — सख्खी मुलगी कोण, सही लागेल. धाकटीनं हात वर केला. केला, त्यात काय चुकलं तिचं? कुणीतरी सही करायलाच हवी होती. पण मी आईच्या चपला पिशवीत भरत होते हो, त्या तशाच हातात राहिल्या, आणि मला वाटलं, मग मी कोण? शेजारीण? तेव्हापासून आम्ही बोलतो, पण कामापुरतं. बाकाचं मीच काढलं. मजकूर मी केला. ‘अवर मदर’ — मुद्दाम, त्यात मी बसते! तुम्ही एस लावलात आणि मला उचलून बाहेर ठेवलंत. तिची आई तिची, माझी आई माझी. आणि माझी तर — तिचा साधा फोटो नाही माझ्याकडे.

तेव्हा घासून काढा तो. निघत नसेल तर नवा पत्रा घ्या. — काय? तुम्ही नाही लावला? मग कुणी सांगितलं? — धाकटी? इथे आली होती, स्वतः? वाटलंच मला. सही करून पोट भरलं नाही, आता पितळेवरही लिहून ठेवायचं की ही वेगळी! समोरासमोर बोलायची हिंमत नाही, आणि तुमच्याकडे येऊन — नको, मला काही बघायचं नाही. फोटोत ही वरची ओळ होती, तेवढीच पुरे. खाली काय आहे? कागद कशाला चिकटवलाय? — काढा. काढा बघू.

नावं दोन का आहेत? हे आईचं. आणि हे — थांबा. चष्मा.

हे नाव तिला कुठून मिळालं? आमच्या घरात हे नाव कुणी घेत नसे. वडीलसुद्धा नाही. मला माहीत आहे ते माझ्या आजोळच्या आजीकडून, तिला कोण सांगणार? — आईनं? केव्हा, आजारपणात? काय म्हणाली धाकटी, नीट सांगा, तिच्या शब्दांत सांगा. — ‘ताईच्या आईचं नाव कुठेच नाही. आई म्हणायची, माझं कुठे लावाल तिथे तिचंही लावा.’ असं म्हणाली? मग मला का नाही सांगितलं तिनं? — मी भांडेन म्हणून. हो. भांडले असते. व्याकरण काढून भांडले असते.

म्हणजे हिची हिला आणि तिची तिला, असं नाहीच ते. दोघी दोघींच्या. मग एस बरोबर आहे. हो, बरोबरच आहे. आणि नावाचं स्पेलिंग — बघते — तेही बरोबर आहे.

नको, घासू नका. नवा पत्रा नको. पाणीही नको. तुम्ही तुमचं काम करा, दादा. ते मशीन सुरू करा, मोठ्यानं चालू दे. मी इथे जरा बसते. तुम्ही तिकडे तोंड करा.