सासूबाईंनी ऐकलेला सल्ला

आमच्या सासूबाई कुणाचंच ऐकत नाहीत म्हणता, पण एकदा ऐकलं होतं बाई त्यांनी. बाळंतपणाला मी भोकरला, माहेरी होते. त्या रेणापूरहून नात बघायला आल्या, तेव्हा सरकारी दवाखान्याकडून घरोघरी येणाऱ्या आशाताई मला बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते दाखवत होत्या. सासूबाईंचं लक्षच नव्हतं. त्यांनाही पटावं म्हणून आशाताई म्हणाल्या, "आन् मावशी, नुसतं आईचंच दूध पाजलं तर लगेच पुन्हा दिवसबी राहत न्हाईत."

सासूबाईंनी मान वर केली. "खरं का काय?"

"हाव, खरंच."

त्या माझ्या आईकडे वळल्या. "इहीणबाई, उद्यापासून पोरीला बाटली लावा."

"का हो? हिला दूध तर लई हाय."

"म्हणूनच. पयली पोरगी झाली. आता पोरासाठी किती थांबायचं?"

आशाताईंनी खूप समजावलं, पण सासूबाईंचं ऐकून झालं होतं. आई मुलीकडची, ती काय बोलणार? पावडरचा डबा आला. पोरगी बाटली तोंडात घेईना. ती रडली की इकडे माझा पदर दुधानं भिजायचा. शेवटी आईच तिला उचलून शेजारच्या घरी न्यायला लागली, मला ऐकू येऊ नये म्हणून.