अण्णा वकिलांच्या पडवीतील बाक नेल्याबाबत

मी सलिल दिनानाथ गानू, वय ५४ वर्षे, धंदा वकिली, राहणार श्रीवर्धन, जिल्हा रायगड. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, बाजारपेठेतील आमचे ऑफिस माझे वडील कै. दिनानाथ ऊर्फ अण्णा वकील यांनी सुरू केले. दोन वर्षांपासून मी घरूनच काम करतो. दावे, नोटिसा नागपूरच्या एका संस्थेकडून लिहून येतात. पक्षकारांचे फोनही तिथली प्राप्ती नावाची मुलगी घेते व 'गानू असोसिएट्स' असे म्हणते. असोसिएट कोणी नाही, मी एकटाच आहे. काम पूर्वीच्या निम्म्या वेळात उरकते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ऑफिस महिनाअखेर रिकामे करावयाचे असल्याने आज सोमवारी कपाटे नेण्यास भंगारवाल्याला किल्ली देऊन सांगितले होते. पडवीतील सागवानी बाकाला हात लावायचा नाही, हेही बजावले होते. दुपारी जाऊन पाहिले तर कपाटे जागेवर आणि बाक गायब. माझे डोके फिरले. भंगारवाल्याविरुद्ध तक्रार देण्यास मी तडक येथे आलो.

बाकाचे वर्णन विचारल्यावरून सांगतो की, चार माणसे बसतील एवढा लांब, पाठ झिजलेली. किंमत सांगता येत नाही. अण्णांची पद्धत अशी होती की, भावकीतले भांडण आले की दावा लिहिण्याआधी दोन्ही बाजूंना एकाच सोमवारी बोलवायचे आणि त्या बाकावर बसवायचे. स्वतः आत पेपर वाचत बसायचे. 'साहेब कामात आहेत' हे बाहेर सांगण्याचे काम माझे. माणसे दोन टोकांना तोंडे फिरवून बसत. जेवणवेळ होईतो कोणीतरी पानाची चंची पुढे करी. बरेच जण दावा न घालताच उठून जात. मला तेव्हा हा शुद्ध वेळकाढूपणा वाटे. आता त्या सोमवारांची फार आठवण येते. हवालदार कुलदीप म्हणाले, "साहेब, हे जबाबात कशाला?" मी म्हणालो, लिहा.

ऑफिसच्या दारावर कॅमेरा आहे. त्याचे चित्रण हवालदारांनी विचारल्यावर माझ्या फोनवर दोघांनी मिळून पाहिले. बाकाच्या एका टोकाला माझी पक्षकार रंगू बसलेली दिसली. दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ रघू विठोबा शिगवण, म्हणजे आमचा प्रतिवादी. त्यांचे गाव म्हसळा रस्त्याला आहे. रंगू विधवा आहे. माहेरची मागची खोली आई तिच्यासाठी ठेवून गेली होती. आई वारली आणि रघूने खोलीला कुलूप घातले. तेव्हापासून बोलणे बंद. त्यावरून मी रघूला नोटीस दिली होती व दावाही तयार होता. दाव्याने रंगूला खोली मिळाली असती, माहेर गेले असते. हे मला माहीत होते आणि तरी मसुदा मागवला होता.

चित्रणात पुढे भंगारवाला येऊन बाकाला हात घालतो. दोघांपैकी कोणी उठत नाही. थोडी वादावादी होऊन तो निघून जातो. मग रंगू बाकाचे एक टोक धरते, रघू दुसरे धरतो आणि दोघे बाक उचलून बाहेर जातात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले.

हवालदारांनी रघूला फोन केला. संध्याकाळच्या सुमारास भाऊ-बहीण एकाच रिक्षातून ठाण्यात आले. रघू म्हणाला, "नोटीस आली म्हंजे सोमवारी बाकावर जाऊन बसाचं, आमच्या बाबानं तेच सांगलं व्हतं. ऑफिसला कुलूप व्हता, पन बाक व्हता. म्हून बसलो." प्राप्तीने तर रंगूला यायची गरज नाही असे कळवले होते. तसे मी रंगूला म्हणालो. ती म्हणाली, "गरज कशी न्हाय? भाऊ येनार व्हता ना."

बाक का नेला, असे हवालदारांनी विचारले. रंगू म्हणाली, "तो भंगारवाला म्हनला, संध्याकाळी परत येतो. मंग तिथं ठेवून कसा जायाचा?" दोघांनी गावच्या टेम्पोत घालून बाक घरी नेला. घरच्या पडवीत जागा नव्हती. रघू खाली बघत म्हणाला, "मागची खोली उघडली. तिथं ठेवलाय. आता ती उघडीच हाय."

माझी भंगारवाल्याविरुद्ध किंवा कोणाहीविरुद्ध तक्रार नाही. बाक मला परत नको, जिथे आहे तिथे राहू द्यावा.

जबाब चालू असताना प्राप्तीचा फोन आला. दावा दाखल करण्यासाठी माझ्या फोनवर ओटीपी आला होता, तो तिला हवा होता. मी रंगूकडे पाहिले. ती म्हणाली, "न्हाय म्हना तिला." दावा घालायचा नाही, असे मी प्राप्तीला सांगितले. कारण काय लिहू, असे तिने विचारले. मी सांगितले, "पक्षकार माहेरी गेली आहे."

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. तो मी ऐकला, रंगू व रघू यांनीही ऐकला. मी सांगितला तसाच आहे म्हणून खाली सही करतो.