आप्पांच्या हातचा चहा

(जपानमधलं क्योटो शहर. देवळांच्या एका दिवसाच्या सहलीची दुपार. आप्पा ऊर्फ हौसा, त्यांची थोरली बहीण धुरपदा म्हणजे आत्या, आणि जपानमध्येच नोकरी करणारी आप्पांची मुलगी भाग्यश्री.)

आत्या : बूट काढ, बूट घाल, पुन्हा बूट काढ. सकाळपासनं ह्येच चाललंय. मी आता अनवाणीच फिरते.

भाग्यश्री : थंडी आहे आत्या. मोजे तरी असू द्या. हे शेवटचं देऊळ. इथंच चहा करायला शिकवणार आहेत.

आत्या : चहा शिकवणार? मला? जलम गेला चुलीपुढं, आन् आता इमानात बसून चहा शिकायला आले व्हय. हौसा, ऐकलंस का?

आप्पा : मी ह्ये बघतोय. भागू, ह्या अंगणात खडी पसरून वरनं दंताळं फिरवलंय का?

भाग्यश्री : हो. इथले साधू रोज पहाटे फिरवतात. खडी म्हणजे पाणी समजायचं, आणि ते मोठे दगड म्हणजे डोंगर.

आप्पा : काय सरळ रेघ हाय. पाय उमटला न्हाई कुठं. मागं मागं सरत आला असंल.

आत्या : पेरलंय काय त्यात?

आप्पा : काय न्हाई.

आत्या : मग एवढी मेहनत कशापायी?

आप्पा : बसून बघायला.

आत्या : इनामगावात कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी दवाखान्यात नेला असता. आगं बया! त्यो बघ कठड्यावर. केवढा मोठा!

भाग्यश्री : इथले कावळे मोठेच असतात.

आत्या : तलंग कोंबडीएवढा हाय की. हौसा, हात जोड.

आप्पा : हितं कशाला?

आत्या : दिसंल तिथं जोडावं. पारूच्या दहाव्याला ह्यांनीच तर लाज राखली आपली.

भाग्यश्री : चला ना आत्या. ती झेंडा घेतलेली गाईड थांबलीये आपल्यासाठी.

आत्या : थांबंल. झेंडा काय जड हाय का? तुला आठवतंय ना भागू? घोडनदीच्या काठावर तुझ्या आईचा पिंड मांडलेला, ऊन तापलेलं, आन् कावळा काय शिवंना. कुणी म्हणलं तिला जिलेबी आवडायची. जिलेबी ठेवली. कुणी म्हणलं, लेकीचं लगीन करून देऊ. तरी न्हाई. तिकडं पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं सरंनात.

आप्पा : त्या माईकनंच बुजला असंल.

आत्या : शेवटाला मीच पुढं झाले. म्हणलं, पारू, भागू तिकडची नोकरी सोडून घरी यील, हौसाला सांभाळंल, तू सुखानं जा. आन् घातली का न्हाई झडप? सगळ्या गावानं बघितलं.

भाग्यश्री : मीही बघितलं.

आत्या : मग सोमवारी सांगतीयस ना तुझ्या सायबाला?

भाग्यश्री : सांगते. भेटायची वेळ घेतलीये. म्हणून तर तुम्हा दोघांना आत्ता बोलावलं. नोकरी आहे तोवर एकदा बघून जा म्हटलं.

आप्पा : सोडल्यावर काय करशील?

भाग्यश्री : शिक्रापूरला कुठल्या तरी कंपनीत जपानी बोलणारं माणूस लागतंच. घरून जाऊन-येऊन करता येईल.

आप्पा : आवडंल तुला?

भाग्यश्री : तो प्रश्न नाही ना आता, आप्पा. चला. इथं वाकून आत जायचं. दार मुद्दामच बुटकं ठेवलंय. पूर्वी मोठे सरदार तलवारी बाहेर ठेवून असेच वाकून यायचे.

आत्या : सरदाराचं गुडघं माझ्यासारखं नसंल. हात दे.

भाग्यश्री : चहा शिकवणाऱ्या त्या आजींनी तुमच्यासाठी छोटं स्टूल ठेवलंय, बघा. बसा त्यावर.

आत्या : बाई गुणाची दिसती. लुगडं किती चापूनचोपून नेसलीय. काय म्हणतीया?

भाग्यश्री : आधी ही मिठाई खाऊन घ्या म्हणतात. चहात साखर नसते.

आत्या : साखर आधी, चहा मागनं? दोघांनी पोटात गेल्यावर एकमेकांला हुडकायचं व्हय?

भाग्यश्री : आत्या, हळू. सगळे बघतायत.

आत्या : बघू दे. कुणाला कळतंय?

आप्पा : आन् दूध?

भाग्यश्री : दूध नाही. ही हिरवी पूड, गरम पाणी, आणि ही बांबूची रवी. फेस येईपर्यंत घुसळायचं. आणि इथं एक रीत आहे. आपला चहा आपण नाही करायचा. समोर बसलेल्यासाठी करायचा, आणि त्यानं आपल्यासाठी.

आत्या : आपण तर तिघं.

भाग्यश्री : तुमच्यासमोर त्या स्वतः बसणार आहेत.

आत्या : बसू दे. बघतेच कोण कुणाला शिकवतंय.

भाग्यश्री : आप्पा, तुम्ही राहू द्या. दोन्ही वाट्या मीच करते.

आप्पा : का?

भाग्यश्री : पाणी उकळतं आहे. भाजेल. तुम्हाला सवय नाही.

आत्या : त्याला कसली सवय! पारू दवाखान्यात व्हती तवा शेगडी कशी पेटवायची म्हणून मला विचारायला आला व्हता. एवढा बाप्या!

आप्पा : भागू, वाटी हिकडं दे. आधी गरम पाण्यानं इसळायची का?

भाग्यश्री : हो. ते पाणी ओतून द्या. आता पूड. आता या डावानं पाणी. थोडंच. हां. आता घुसळा, पण रवी तळाला टेकवू नका... आप्पा, फेस आला.

आप्पा : यायचाच की.

भाग्यश्री : त्या आजी म्हणतात, हात हलका आहे तुमचा, मनगटातून फिरतोय. विचारतात, घरी चहा तुम्ही करता का?

आत्या : काय भारी विचारलं! सांग तिला, आमच्याकडं बाप्ये पितात फक्त.

आप्पा : भागू, सांग तिला. करतो म्हणाव. रोज.

भाग्यश्री : असं कसं सांगू?

आप्पा : हाय तसं सांग.

आत्या : हौसा, देवळात बसून खोटं बोलू नगं.

आप्पा : खोटं न्हाई, आक्के. शिमग्यापासनं करतोय. शेजारच्या सवितानं शिकवला. पहिला आठवडा पातेली घासण्यात गेला, पर मग जमला.

आत्या : आन् मी रोज तांबडं फुटायच्या आत उठून थर्मास भरून आणते, त्यो?

आप्पा : त्यो बी पितो. त्यो दुसरा.

आत्या : दुसरा?

आप्पा : तू येतीस तवा माझा एक झालेला असतोय. तुला वाईट वाटाय नगं म्हणून बोललो न्हाई.

आत्या : बघ बाई! बघ तुझा बाप! माझं गुडघं गेलं त्या गल्लीत खेपा घालून, आन् ह्यो पोट भरून ढेकर देत बसलेला असतोय!

भाग्यश्री : आप्पा, मला का नाही सांगितलं? रोज फोन करत होते मी. रोज विचारत होते, चहा झाला का. तुम्ही म्हणायचा, झाला.

आप्पा : झालेलाच असायचा.

भाग्यश्री : मला वाटायचं आत्यांनी आणला.

आप्पा : दहाव्याचं सांगतो. आक्के, तूही ऐक. तू पुढं होऊन बोललीस, तवा त्यो कावळा बाभळीवर व्हता.

आत्या : आन् मी बोलल्यावर खाली आला!

आप्पा : न्हाई. तू एकदा बोललीस, हालला न्हाई. पुन्हा मोठ्यानं बोललीस. तरी न्हाई. आठव नीट. तुझा आवाज बसला तवा तू डोळं पुसायला मागं वळलीस.

आत्या : मागं वळले व्हते, ते खरं.

आप्पा : मी पिंडापाशी वाकलो. तुमाला वाटलं, पान सरळ करतोय.

भाग्यश्री : हो. पत्रावळीचं पान उलटलं होतं वाऱ्यानं.

आप्पा : पान नीट व्हतं. मला तिच्याशी बोलायचं व्हतं, आन् एवढ्या लोकांत कसं बोलायचं? म्हणलं, तू सांगितलंस तसंच व्हईल. पोरीला माघारी बोलवायचो न्हाई. माझ्या चहापाण्याचा घोर तू करू नगं, माझं मी करीन. आन् मागं सरलो. तवा उतरला.

भाग्यश्री : आईनं काय सांगितलं होतं?

आप्पा : दौंडच्या दवाखान्यात व्हती तवाचं हाय. तुझा फोन येऊन गेला, तिकीट काढलंय म्हणालीस. फोन ठेवल्यावर जरा पडून राहिली. मग म्हणली, भागूला भेटायला येऊ द्या. पर ठेवून घेऊ नका.

भाग्यश्री : एवढंच?

आप्पा : एवढंच म्हणली. मी म्हणलं, बरं. मग म्हणली, नुसतं बरं म्हणू नका, तुमाला साधा चहा करता येत न्हाई, म्हणून लेकी अडकून पडत्यात.

आत्या : असं म्हणली?

आप्पा : व्हय.

भाग्यश्री : हे तेव्हाच का नाही बोललात, आप्पा? मी तिथंच उभी होते. तेरावं झाल्यावर महिनाभर घरात होते.

आप्पा : तवा मला शेगडी पेटवता येत न्हवती, बाळा. ‘तू जा, माझं मी बघतो’ असं कोण बी म्हणतंय. आन् मी आक्काच्या थर्मासवर दिवस काढतोय असं तुला कळलं असतं, तर तुला तिथं जेवण गेलं असतं का? म्हणलं, आधी जमू दे. जमल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई.

भाग्यश्री : इतके महिने?

आप्पा : चहा आठवड्यात जमला. कालवणाला वेळ लागला.

आत्या : कालवण बी करतोस?

आप्पा : तू देतीस त्यात तिखट लई असतंय.

आत्या : आता मी काय बोलू ह्या माणसाला?

भाग्यश्री : पण मी सोमवारी सांगणार, हे तुम्हाला माहीत होतं. आज शनिवार आहे, आप्पा.

आप्पा : फोनवर सांगून तू मानलं नसतंस. म्हणलं, समक्ष करून दाखवीन, तुझ्याच घरी. तर आल्यापासनं तू मला ओट्याजवळ फिरकू देत न्हाईस. ‘आप्पा बसा, आप्पा मी देते.’ सकाळी तुझ्या आधी उठलो, तर ती शेगडी काचेची. तिला बटण कुठं ते घावंना.

भाग्यश्री : बोटानं दाबायची असते.

आप्पा : दाबली. वरडाय लागली. म्हणून गप येऊन पडलो.

आत्या : मग माझ्या शब्दाचं काय? गावासमोर दिला व्हता मी.

आप्पा : शब्द तू दिलास, आन् पाळायचा भागूनं?

आत्या : मला वाटलं, पारूचा जीव लेकीत अडकलाय.

आप्पा : अडकलाच व्हता. तिला तू घरी आणत व्हतीस, म्हणून त्यो उतरंना.

आत्या : म्हंजी पारूनं माझं ऐकलंच न्हाई.

आप्पा : जित्ती व्हती तवा तरी कुठं ऐकायची तुझं?

आत्या : ते बी खरंच. एक शबूद ऐकला न्हाई कधी. मी म्हणायची पोरीला शिरूरच्या कॉलेजात घाल, तिनं नेऊन टाकली पुण्याला. मी म्हणायची, जपानी शिकून काय भाकरी मिळणार? तिनं शिकवली. भांडायची माझ्याशी. आन् आता भांडायला बी कुणी न्हाई मला.

भाग्यश्री : आत्या.

आत्या : मी वाईट चितलं न्हाई गं. कावळा शिवंना, लोक कुजबुजाय लागलं. मला दुसरं काय सुचलं न्हाई. घरात एकटा हौसा, आन् तू एवढी लांब.

भाग्यश्री : मला माहीत आहे. तुमच्यावर राग नव्हता माझा. कुणावरच नव्हता. तेच जड जात होतं.

आप्पा : चहा घे. निवतोय.

भाग्यश्री : घेते. वाटी अशी दोनदा फिरवायची. तिची चांगली बाजू आपल्या तोंडाकडे येऊ द्यायची नाही.

आप्पा : फिरव की मग. डोळं पूस आधी.

भाग्यश्री : राहू द्या.

आत्या : ती बाई काय विचारतीया? घाबरली वाटतं.

भाग्यश्री : विचारतात, फार कडू झालाय का. पाणी घालून देऊ का.

आत्या : मग तू काय म्हणलीस?

भाग्यश्री : म्हटलं, कडूच आहे, पण पाणी नको.

आत्या : तिला सांग, माझा ह्यो भाऊ इतकी वर्षं उपयोगाचा न्हवता, आताशा कुठं लायनीवर आलाय.

भाग्यश्री : सांगितलं. हसतायत. म्हणतात, त्यांचे यजमान नव्वदीला आलेत, अजून काही शिकले नाहीत.

आत्या : मग आपलं बरंच म्हणायचं. हौसा, थर्मास बंद करू का?

आप्पा : सकाळचा कर. गुडघ्याला आराम पडंल. संध्याकाळी बसायला येत जा, मी करीन तुझा.

आत्या : येईन. आलं घालशील?

आप्पा : घालीन.

आत्या : बघू. आन् भागू, गावात कुणी विचारलं तर मी काय सांगू?

भाग्यश्री : काय सांगाल?

आत्या : सांगीन, पारूचंच खरं झालं. तिच्यापुढं माझं कवा काय चाललंय?

भाग्यश्री : आप्पा, सोमवारी मला लवकर निघावं लागेल.

आप्पा : सायबाला भेटायला?

भाग्यश्री : नाही. ती भेट नको म्हणून कळवते. नुसतंच, कामावर.

आप्पा : डबा नेतीस का?

भाग्यश्री : एरवी नेते. हल्ली उरकत नाही.

आप्पा : मग मी देतो करून. बाजरीचं पीठ आणलंय आक्कानं. ती शेगडी कशी दाबायची तेवढं दाखव. आन् भाकरी गोल येत न्हाई माझी, समजून घे.