दोन मीटर रस्ता

येर्नेया : गाडी थांबवा, विंकोकाका.

विंको : भर चढावर? या दगडी रस्त्यावर? क्लच जळेल. तू ती पोटित्सा खा आधी. बोगोनं काल भट्टीतून काढलीय. सायकल कशीही चालवो, अक्रोड सढळ हातानं घालतो.

येर्नेया : माझं चाक त्याच्या चाकापर्यंत पोचलंच नव्हतं.

विंको : कुठं?

येर्नेया : नवव्या वळणावर. मी आले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो सुटला. सरावात आपण तसंच करायचो. पण नियम थापेचा नाही ना. बदलीच्या वेळी चाक चाकाशेजारी यायला हवं.

विंको : किती राहिलं असेल?

येर्नेया : दोन मीटर.

विंको : कालपासून शर्यतीत आळीपाळीनं सहाशे किलोमीटर मारलेत चौघांनी, आणि तू दोन मीटर मोजत बसलीस! एवढ्या जागेत गाय आडवी उभी राहत नाही.

येर्नेया : ते दोन मीटर कुणीच चालवलेले नाहीत, काका. तुम्ही मागंच होता. पाहिलंत ना?

विंको : काच धुळीनं भरली होती.

येर्नेया : पाहिलंत ना?

विंको : पाहिलं.

येर्नेया : आणि बोलला नाहीत?

विंको : नाही बोललो! अकरा पोरं रोज चाकाच्या खुर्चीतून उचलतो मी. सकाळी गाडीत घालायची, संध्याकाळी काढायची. डॉक्टर म्हणाला, विंको, या हिवाळ्यानंतर उचलणं बंद. शर्यत वेळेत संपली तर तो कारखानेवाला आपल्या पोरांच्या केंद्राला खुर्चीसकट उचलणारी लिफ्टची गाडी देतोय. नाहीतर पोरांना आणणार कोण? तू? शिकवायचं सोडून?

येर्नेया : मला नकोय का ती गाडी?

विंको : मग खा आणि गप्प बस. पंच नव्हता तिथं. चिटपाखरू नव्हतं.

येर्नेया : नववं वळण लोव्रोचं आहे.

विंको : माहितेय. चोवीस पोरांना चढावरचं एकेक वळण वाटलंय. खडूनं नावं मीच लिहून आलोय.

येर्नेया : सोमवारी तो त्याच्या बोलायच्या तक्त्यावर नऊवर बोट ठेवणार आणि माझ्याकडं बघणार.

विंको : त्याला काय कळतंय दोन मीटरचं?

येर्नेया : काहीच नाही. मी हो म्हटलं की तो खरं मानेल. तेच मला सोसत नाहीये.

विंको : अगं बाई, सव्वादोन वाजलेत. वरच्या खिंडीत तीनला वेळ बंद होते. बाकीचे दोघं पलीकडं दरीत झोपलेत. बोगोला उलटा आणायचा म्हटलं तर रडेल तो.

येर्नेया : बोगोला आणायचं नाही. मला खाली सोडा. तिथून मीच चढते, आणि वर त्याच्या चाकाला चाक लावते.

विंको : तू आत्ताच उतरलीस!

येर्नेया : वॉकीटॉकी द्या. बोगो! ऐकतोयस?

बोगो : बोला, मास्तरीणबाई. एकोणिसावं वळण. जीव कंठाशी आलाय, पण पाय खाली टेकलेला नाही.

येर्नेया : आपली बदली चुकली रे. चाकं जुळली नव्हती. मी नऊपासून परत येतेय. तू वर जाऊन थांब.

बोगो : म्हणजे माझी ही दहा वळणं फुकट?

येर्नेया : फुकट.

बोगो : अरे देवा! पहाटे तीनला उठून पाव भाजणारा माणूस मी, पण असा भाजून निघालो नव्हतो. ये. पण जीव तोडून ये.

विंको : दोघंही वेडे आहात. धरून बस. वळवतोय गाडी.

(खिंडीत. तीन वाजून सहा मिनिटं.)

बोगो : संपलं, बाई. पंच टेबलाची घडी घालतोय.

येर्नेया : आधी... चाक... लाव.

बोगो : हे घे. चाकाशेजारी चाक. दिसतंय नीट?

विंको : दिसतंय. जुळलं.

येर्नेया : काका, लिफ्टची गाडी गेली. माझ्यामुळं.

विंको : गेली. आणि राग आलाय मला तुझा, खोटं कशाला बोलू? पाणी पी. सावकाश पी, ठसका लागेल.

बोगो : मग मी सायकल टपावर चढवतो. शर्यतीतून तर बाहेरच आपण.

विंको : हात लावू नकोस तिला.

बोगो : अहो, आता कुणासाठी चालवायची? वेळ बंद झाली, गाडी गेली...

विंको : पलीकडच्या उतारावर सव्वीस वळणं आहेत. तिथंही खडूनं नावं लिहिलीत मी, वाकून वाकून. ती पोरं काय, सोमवारी मला विचारणार नाहीत?

बोगो : आणि हिवाळ्यानंतर, काका?

विंको : हिवाळ्यानंतरचं हिवाळ्यानंतर. ब्रेक जपून लाव, वळणावर खडी आहे. निघ तू. मी मागं आहे.