लाल दोऱ्याची बाटली

ये गं प्रज्ञा, अशी जवळ ये, दारात काय उभी राह्यली पाव्हणीवानी. दोन वर्षांनी आठवण आली व्हय आजीची? आष्टीवरून वडीगोद्री काय इलायत हाय का? अन् आली ती बी कॉलेजच्या कामापायी, आजी तुझं आयुष्य सांग, मला लिहायचंय. लिही की. पण आधी चहा घे. तुझ्या आईनं सांगून पाठवलं असंल, आजीच्या हातचं काही घेऊ नको, तरी घे, अर्धा कप घे. फोन ठेव मधी. तुझे आजोबा तिकडं बाजंवर पडलेत, जागेच हायेत, ऐकून राह्यलेत. ऐकू दे. आज मी हळू बोलणार न्हाई.

माझं माहेर शहागडच्या पल्याड, गोदाकाठाला. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, माय बी. मी थोरली, कडंवर कायम एक लेकरू, मंग शाळा कुठली? पंधराव्या वर्षी लगीन झालं, अन् नवरा कोण तर गुरुजी. सगळी वस्ती म्हणली, पोरीनं नशीब काढलं. काय सांगू तुला, त्या माणसानं सात गावची लेकरं शिकवली, अजून बी लोक पाया पडतेत रस्त्यात, अन् मी एकदा म्हणलं, अहो मला बी अक्षरं दाखवा की, तर म्हणले, तुला काय कलेक्टर व्हायचंय? भाकरी बघ करपून राह्यली.

मंग ही बाहेर उभी हाय ती गाडी आली. वस्तीत पहिली. लहानी, पांढरी, आली तवाच म्हातारी होती, कुणीतरी वापरून वापरून सोडलेली. गुरुजी पुढं, मी मागं, मोकळ्या पुढच्या सीटवर त्यांची बॅग. पहिल्या वर्षी सतरा डाव बंद पडली. हायवेला एक रशीदचाचा म्हणून मिस्त्री होते, ते घरी यायचे, हे असं खोल, ते तसं कस, सांगायचे. गुरुजी खुर्ची टाकून वहीत लिहून घ्यायचे. अन् हात माझे. कारण गुरुजींच्या नखात काळं गेलेलं त्यांना खपायचं न्हाई, शाळेत जायचं असायचं ना.

तर माझी शाळा ती झाली बघ. आकडे मी पान्यावर शिकले. दहाचा, बाराचा, चौदाचा, सतराचा. अकरा म्हंजी काय ते मला लई वर्षं बराबर कळलंच न्हाई, कारण अकराचा पाना आपल्या गाडीला लागतच न्हाई. प्लग काढायचा, पेट्रोलनं धुवायचा, पॉलिश पेपरनं घासायचा. पट्टा ढिला झाला का अंगठ्यानं दाबून पाह्यचा. रशीदचाचा म्हणायचे, गुरुजी, बाईच्या कानाला इंजिन कळतंय, माझ्या गॅरेजवर पाठवा. गुरुजी हसायचे. तसलं हसणं तू पाह्यलं न्हाईस अजून, न पाह्यलेलं बरं.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतेत. एक वर सीटवर बसून पायानं दाबतंय, एक खाली चाकापशी पडून बारका नट ढिला करतंय, तेल उडतंय, मंग नट आवळायचा. दाबा. धरा. सोडा. गुरुजी पांढऱ्या सदऱ्यात वर, मी फाटक्या लुगड्यात खाली. अन् रस्त्यानं कुणी येताना दिसलं का ते जल्दी खाली उतरायचे, काळ्या तेलाच्या डब्यात दोन बोटं बुडवायचे, अन् चिंधीला हात पुसत उभे राह्यचे. वा गुरुजी, सगळं सोता करता! असं लोक म्हणायचे. मी गाडीखालीच पडून राह्यची तवर. एकदा तर पाटलाचा पोरगा अर्धा घंटा बोलत उभा राह्यला. माझ्या डोळ्यात तेल गेल्तं, चुळबुळ केली, तर गुरुजींनी माझ्या पायावर पाय ठेवला, गप पड म्हणून. बारा वर्षं. गाडीच्या कामात बारा वर्षात एकदा माझं नाव त्यांच्या तोंडातून निघालं न्हाई.

आता दोऱ्याचं ऐक. तेलं मी खोबरेल तेलाच्या मोकळ्या बाटल्यात ठेवायची, सगळ्या एकसारख्या. मला वाचता येईना, मंग मी गळ्याला दोरा बांधायची. ब्रेकच्या तेलाला लाल, इंजिनच्याला काळा, बॅटरीच्या पाण्याला पांढरा. एका बुद्धपौर्णिमेला आपल्याकडं माणसं जमली, वंदना झाली, खीर झाली, अन् एका पाव्हण्याची नजर बाटल्यांच्या फळीवर गेली. तो म्हणला, काय गुरुजी, गावाला सांगता अन् घरात गंडेदोरे? सगळे हसले. गुरुजींचं तोंड असं लाल झालं. ब्लेड घेतलं, सगळ्यांपुढं एकेक दोरा कापला, म्हणले, धम्म घेऊन दोन पिढ्या झाल्या, पण अडाणी बाईच्या डोक्यातून जात न्हाई. मी म्हणलं, अहो तो लाल ब्रेकचा हाय. म्हणले, गप. मी काय देवऋष्याकडून आणला होता का तो दोरा? मी तिथं नाव लिहिलं होतं गं, माझ्या अक्षरात.

मंग त्यांनी वहीचा कागद फाडून चिठ्ठ्या लिहिल्या, झकास अक्षर, डिंकानं चिटकवल्या. तेलकट बाटली, महिनाभरात चिठ्ठ्या गळून पडल्या. मला काही अडलं न्हाई, मी चिमटीत धरून सांगायची, ब्रेकचं पातळ, इंजिनचं जाड. ज्याचा हात तेलात गेलाय त्याला कळतंय. त्यांचा कधी गेला होता? दोन बोटं, ती बी लोकासाठी.

तू तवा दहाच्या पान्याएवढी होतीस, दहा वर्षांची. माझी बहीण वारली म्हणून मी चार दिवस अंबडला गेल्ते. मागं गुरुजींनी ब्रेकच्या तेलाची डबी उघडून पाह्यली, तेल कमी दिसलं, फळीवरची बाटली घेतली अन् ओतलं. मी आले तर सांगितलं न्हाई. आठ दिवसांनी तुझी आई माहेराला आल्ती, गुरुजी म्हणले चल, शहागडपर्यंत सोडतो, तिथून जीप मिळंल. मला म्हणले तू ऱ्हा घरी. त्या दिवशी पुढच्या सीटवर बॅग न्हवती, तुझी आई होती.

पुलाच्या अलीकडं उतार हाय, तिथं उसाची ट्रॉली उभी. ब्रेक दाबला तर दगडावानी कडक, अन् गाडी थांबंना. उसाच्या कांड्या काच फोडून आत आल्या. गुरुजींना कपाळाला एवढं खरचटलं. तुझ्या आईचा डावा डोळा गेला.

मी दवाखान्यात पोचले तर पट्टी बांधलेली, तुझे पप्पा उभे, अन् गुरुजी सगळ्यांना सांगून राह्यले, ब्रेकचं सगळं काम हिचंच असतंय, मी हात बी लावत न्हाई. बघ, बाराव्या वर्षी घेतलं माझं नाव. जे लोक गुरुजींच्या हाताची वाहवा करायचे तेच म्हणले, बिनशिकल्या बाईच्या हाती ब्रेक द्यायचा असतोय का? अन् तुझ्या आईनं पट्टी बांधलेलं तोंड फिरवलं, म्हणली, आई, तुला लई हौस होती ना मिस्त्री व्हायची? झाली का पुरी?

ट्रॅक्टरनं गाडी ओढून आणली. मी ब्रेकच्या डबीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत रबर असतंय, ते भिजल्या हरभऱ्यावानी फुगलेलं. बोट घातलं. जाड. वास घेतला. इंजिनचं तेल. त्या तेलानं ब्रेकची रबरं फुगतेत, आठ-दहा दिवसांत सगळं जाम होतंय. मी रशीदचाचाला बोलावलं, ते म्हणले, या खुदा, हे कुणी टाकलं? मी गुरुजींकडं पाह्यलं. ते रांजणापशी चूळ भरून राह्यले होते. चाचा गेल्यावर माझ्याजवळ आले, अन् शांत, अगदी शाळेत सांगतेत तसं म्हणले, सांगून बघ कुणाला. गुरुजीचं ऐकतेत का तुझं, ते बी कळंल तुला.

का न्हाई सांगितलं? लई डाव इचारलंय मी सोताला. कधी म्हणते, पोरीचा डोळा गेला, वरून बाप कशाला न्यायचा तिचा. पण खरं सांगू, भ्याले मी. मला वाटलं मी सांगीन अन् ती म्हणंल, आई, आता खोटं बी बोलायला लागली.

माझ्या सासूच्या येळेला पाटलाच्या आडावर आपल्या लोकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, सासू सांगायची अन् रडायची. आता माझ्या पोटची लेक वर्षातून एकदा येतीय, बापाच्या उशाशी घंटाभर बसतीय, अन् पाणी सोताच्या बाटलीतलं पितीय.

मी बी काही देवमाणूस न्हाई, ते बी लिही. गुरुजींची नजर साखरेनं गेली. आता सकाळची गोळी कोणती, रातची कोणती, दिसत न्हाई. मंग मी डब्यांना दोरे बांधले. एक गाठ सकाळची, दोन गाठी दुपारची, तीन रातची. चाचपून घेतेत. ज्यांनी कापले तेच आता दोऱ्यावर जगून राह्यलेत. अन् एका दुपारी मी ते दोरे काढून टाकले. मुद्दाम. अन् उंबऱ्यात बसून पाह्यलं. दोन्ही हातात दोन डब्या धरून बसले, हलवून पाह्यल्या, वास घेतला, मला हाका मारल्या. मी दोन हातावर होते, ओ दिली न्हाई. मंग रडायला लागले. मला बरं वाटलं गं, लई दिवसांनी पोटभर बरं वाटलं. अन् मंग मी उठून गाठी मारल्या परत, दोनाच्या तीन झाल्या, उकलून परत मारल्या.

गाडी अजून हाय. बाहेर ताडपत्रीखाली. चारी चाकांच्या ब्रेकची रबरं मी बदलली, नळ्या धुतल्या, काच बसवून घेतली. दर आइतवारी चालू करते, पाच मिनिटं चालू ठेवते. चालवायला मला कुणी शिकवलंच न्हाई, नुसती चालू करते, आवाज ऐकते, बंद करते.

हा डबा घे. यात ते झाकणातलं रबर हाय, फुगलेलं, दहा वर्षं ठेवलंय. गुरुजींना ठाऊक हाय मी ते ठेवलंय, पण त्यांच्या हाताला कधी सापडलं न्हाई. तुझ्या आईच्या हातात दे, अन् ही गोष्ट वाचून दाखव, जशी सांगितली तशी, माझं अडाणी बोलणं सुधारू नको. मानली तर मानली.

बघ, कूस बदलली त्यांनी, भिंतीकडं तोंड केलं. बोला की गुरुजी, खोटं असंल तर सांगा नातीला.

चहा पिलीस? सगळा पिलीस, बरं केलं माय. तू गाडी शिकलीस ना? मंग सुट्टी लागली का ये, आईला घेऊन ये, जल्दी ये. तिला पुढं बसव, मी मागं बसते. तिला म्हणावं, ब्रेक पक्का हाय, आईनं सोता बघितलाय.