झाडूला कोण सांगणार?

शेवटी भांडाराची नवी काच फुटलीच. पण ती फुटलेली नाही असं धरून चला, भांडारवाल्या काकांनीही तसंच धरलंय. चेटकिणींच्या लष्करी छावणीत मी बूट बदलायला रांगेत उभी होते. माझ्यापुढची प्रशिक्षणार्थी मुलगी खिडकीशी हुज्जत घालत होती.

“तुझ्या मैत्रिणीचा झाडू परत तुझ्या खाटेखाली? अगं, ती गेली, झाडू सरकारजमा झाला!”

“मी नाही नेला, काका. तोच येतो.”

“साखळीनं बांधला होता मी!”

“साखळीसकट आला.”

“उगाच कसा येईल?”

“मी रडले की येतो. तिनंच शिकवलंय. म्हणायची, मी झोपले असले तर हा तरी पोचेल.”

“मग रडू नकोस ना, बाई!”

“नाही रडले. काल नुसती शिंकले, तर येऊन डोक्यावर आदळला.”

“उद्या नव्या मुलीला द्यायचाय तो. तिला घेऊनच तुझ्याकडे आला म्हणजे?”

“येऊ दे. खाट रुंद आहे.”

“चेष्टा पुरे. मालकीण गेल्याचं कळलं की झाडू शिकलेलं सगळं विसरतो. सांगून टाक त्याला.”

“तुम्ही सांगा.”

“मी? मी बूट वाटणारा माणूस. मला नाही बाई जमायचं.”

“मलाही नाही जमत, काका.”

“ए, ए, डोळे पूस आधी! काच नवी आहे! थांब, वर लिहून पाठवतो. बोल, काय लिहू?”

“लिहा. सदर झाडूची मालकीण मयत झाल्याचे वरिष्ठांनी त्यास समक्ष, जवळ बसून व हळू आवाजात कळवावे, ही विनंती.”